२४ फुटी केबिन क्रूझर ओढायला पाऊण टनी पिकअप: सात महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिलमध्ये पिकअप घेतला आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बोट हिवाळ्यासाठी शेडमध्ये गेली. मधल्या सात महिन्यांत नऊ फेऱ्या झाल्या. सहा जवळच्या, मिशिगनमधल्या नोव्हायहून लेक सेंट क्लेअरपर्यंतच्या. तीन लांबच्या: ट्रॅव्हर्स सिटी, शार्लवॉय आणि मॅकिनॉ पूल ओलांडून पार हेसल. बोट मागे लावून सुमारे २,१०० मैल झाले, रिकामा पिकअप त्याच्या दुप्पट फिरला. मिशिगनमध्ये आणि आसपास राहणारी काही मराठी कुटुंबं आता झोपायची सोय असलेल्या बोटी बघू लागली आहेत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, “आमच्या एसयूव्हीनं ओढता येईल का?” मीही तिथूनच सुरुवात केली होती.

आमच्याकडे तीन रांगांची एसयूव्ही होती, तिची ओढण्याची मर्यादा ५,००० पौंड. विकणाऱ्यानं बोटीचं वजन ‘पाच हजारांच्या आसपास’ सांगितलं. आकडा खोटा नव्हता, पण ते कोरडं वजन होतं. माहितीपत्रकातलं कोरडं वजन म्हणजे टाकीत पेट्रोल नाही, पाणी नाही, नांगर नाही, आणि खाली ट्रेलरही नाही. मी कागद घेऊन बसलो. बोट इंजिनासकट ५,१०० पौंड. पेट्रोल ७५ गॅलन, एका गॅलनचं वजन साधारण ६ पौंड, म्हणजे ४५०. पिण्याचं पाणी २० गॅलन, पाणी गॅलनमागे ८.३ पौंड भरतं, म्हणजे १६६. बॅटऱ्या, नांगर, साखळी, गाद्या, लाइफ जॅकेटं, भांडी, शेगडी मिळून ४००. दोन आसांचा ट्रेलर १,४००. बेरीज ७,५१६ पौंड, म्हणजे जवळपास ३,४०० किलो. ‘पाच हजारांची’ बोट रस्त्यावर साडेसात हजारांची झाली आणि आमची एसयूव्ही तिथेच बाद झाली. बोट घ्यायच्या आधी ही बेरीज करा. त्यात वरून आणखी काहीशे पौंड धरा, कारण केबिन असली की सामान वाढतच जातं.

मग साहजिकच अर्ध्या टनाचा पिकअप बघितला. हे ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’ जुन्या काळचे शब्द आहेत. तेव्हा तो गाडीच्या पाठीवर मावणारा भार असायचा, आता फक्त वर्गाचं नाव उरलं आहे. विक्रेत्यानं दाखवलेला पिकअप ११,००० पौंड ओढू शकत होता. मला तेवढ्यावर निर्णय घ्यायचा मोह झाला होता. त्या दिवशी बाबा बरोबर होते. ते उन्हाळ्यापुरते मालवणहून आले होते. त्यांचं लहानपण रापणीच्या होड्या वाळूवर चढवण्यात गेलं, इंजिनाच्या ताकदीचं त्यांना फारसं कौतुक नाही. त्यांनी एकच विचारलं, “ओढतलो रे, पण थांबयतलो काय?”

त्या प्रश्नामुळे मी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं पिवळं-पांढरं लेबल वाचलं. माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो. काचेचं छत, मोठी चाकं, चामड्याच्या तापणाऱ्या सीटा असं जे जे वाढतं ते या आकड्यातून वजा होतं, म्हणून सगळ्यात महागड्या मॉडेलचा हा आकडा, म्हणजे पेलोड, बरेचदा सगळ्यात कमी असतो. त्या पिकअपवर १,४२८ पौंड होते. आता ट्रेलरचा जो भाग हूकच्या बॉलवर टेकतो त्याचा भार, म्हणजे टंग वेट, हाही याच १,४२८ मध्ये मोजायचा. एकूण वजनाच्या दहा टक्के धरले तर ७५०. आम्ही पाच जण, बाबांसकट, ६०५. हूकचा लोखंडी दांडा ३०. मागे कूलर, दोर, फेंडर आणि हत्यारांची पेटी १५०. एकूण १,५३५. म्हणजे ओढण्याच्या मर्यादेत साडेतीन हजार पौंडांची जागा शिल्लक, आणि पाठीवर १०७ पौंड जास्त.

दुसरं लेबल वाकून बघावं लागतं, ते मागच्या रिसीव्हरवर, म्हणजे हूकचा दांडा जिथे बसतो त्या खोबणीवर, असतं. बऱ्याच अर्ध्या टनी पिकअपवर तिथे दोन ओळी असतात: भार विभागणारा हूक नसेल तर ५,००० पौंड आणि टंग वेट ५००, असेल तर त्याच्या दुपटीहून जास्त. हा भार विभागणारा हूक, म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, घरासारख्या कॅम्पर ट्रेलरना उत्तम. बोटीच्या ट्रेलरला मात्र बहुधा सर्ज ब्रेक असतात. गाडी थांबू लागली की ट्रेलर पुढे सरकून बॉलवर दाब देतो आणि त्या दाबानं ट्रेलरचे हायड्रॉलिक ब्रेक लागतात. विजेवर चालणारे नेहमीचे ट्रेलर ब्रेक पाण्यात बुडवले की टिकत नाहीत, म्हणून ही रचना. पण भार विभागणाऱ्या हूकचे दांडे ही पुढे सरकण्याची हालचाल अडवू शकतात. काही हूक सर्ज ब्रेकसाठी मान्य आहेत, काही नाहीत. दर फेरीला ते जड दांडे लावा, धक्क्यावर काढा, परत लावा, हे मला नको होतं.

म्हणून पाऊण टनी घेतला. एफ-२५०, सिल्व्हराडो २५०० एचडी, रॅम २५०० हा तो वर्ग. माझा यातलाच एक, २०१९ चा, पेट्रोलवरचा व्ही-८, चार दारांचा, फोर व्हील ड्राइव्ह, मधल्या दर्जाचं मॉडेल. कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, कारण जो जुना पण नीट ठेवलेला आधी मिळाला तो घेतला, आणि तिघांपैकी कुठलाही असता तरी पुढचं सगळं मी असंच लिहिलं असतं. दारावरचा आकडा २,७८०. तोच १,५३५ चा भार टाकूनही बाराशेच्या वर पौंड शिल्लक राहतात. रिसीव्हरला साध्या बॉलवरही आमचं वजन मान्य आहे. डिझेल घेतलं नाही. चढाला त्याचा जोर आणि उताराला एग्झॉस्ट ब्रेक दोन्ही फार छान, पण डिझेल इंजिन स्वतःच जड असल्यामुळे पेलोड घटतो, आणि वर्षातून नऊ फेऱ्यांसाठी तो जास्तीचा पैसा मला पटला नाही. डोंगराळ कोलोरॅडोत राहत असतो तर कदाचित उलटं ठरवलं असतं.

मे महिन्यात पहिल्याच लांबच्या फेरीला, ट्रॅव्हर्स सिटीला जाताना, ताशी साठ मैलांच्या वेगाला ट्रेलर मागे डुलायला लागला. फार नाही, पण स्टिअरिंगमध्ये कळत होतं. वेग पंचावन्नवर आणला तसा तो शांत झाला. पुढच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर गाडी घातली. हा काटा हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर असतो आणि पुढचा आस, मागचा आस, ट्रेलर अशी तिन्ही वजनं एकदम देतो. एकदा जोडून, एकदा सोडून वजन केलं की पिकअपच्या आसांवर जो फरक येतो तेच टंग वेट. बोट आणि ट्रेलरचं एकूण वजन निघालं ७,६४० पौंड, आणि टंग वेट फक्त ५८०, साडेसात टक्क्यांच्या आसपास. आधीच्या मालकानं बोट ट्रेलरवर मागे बसवली होती, इतकी की मागची फळी, ट्रान्सम, आधाराच्या बंकांच्याही बाहेर आली होती. बोट दुरुस्त करणाऱ्यानं विंचचा, म्हणजे बोट पुढून ओढून धरणाऱ्या चरखीचा, खांब सहा इंच पुढे सरकवला. नंतरच्या मोजणीत ७४० पौंड आले आणि डुलणं पूर्ण थांबलं. बोट घेतल्याच्या पहिल्या आठवड्यातच हे वजन करून घ्यायला हवं होतं, तुम्ही नक्की करा.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर जूनमध्ये मिळालं. शार्लवॉयला जाताना आय-७५ वर सॅगिनॉजवळचा झिल्वॉकी पूल उतरत होतो आणि पुढे सगळी रहदारी अचानक उभी. मी ब्रेक दाबला तेव्हा लगेच जाणवलं की मागून काहीच मदत नाही, ट्रेलर नुसता ढकलतो आहे. पिकअप सरळ रेषेत थांबला, पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर राखून. मुलं मागे गप्प झाली होती. नंतर तपासलं तर ट्रेलरच्या मागच्या आसाचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाकाची ब्रेकची तबकडी आवळणारे चिमटे, गंजून अडकले होते आणि ब्रेकचं तेल तळाला गेलं होतं. ट्रेलर विकत घेताना मी चाकं आणि दिवे बघितले, ब्रेक बघितले नाहीत, ती चूक माझी. पण त्या क्षणी गाडी स्वतः जड होती, तिचे ब्रेक मोठे होते आणि दोन आसांमधलं अंतर लांब होतं म्हणून आम्ही सुखरूप राहिलो. पेलोडची आकडेमोड एखाद्याला कंटाळवाणी वाटेल, मला तो उतार आठवतो.

ऑगस्टमधली हेसलची फेरी या सगळ्याचं फळ होतं. मॅकिनॉ पूल जवळपास पाच मैलांचा, १९५७ मध्ये सुरू झालेला, मधोमध रस्ता पाण्यापासून सुमारे २०० फूट उंच. आतली लेन लोखंडी जाळीची आहे, चाकं तिच्यावर गुंजतात आणि किंचित सरकल्यासारखी वाटतात, म्हणून ट्रेलर असेल तर बाहेरची लेन घ्यावी. वारा फार वाढला की उंच वाहनांना आणि ट्रेलरवाल्यांना २० मैलांच्या वेगानं एस्कॉर्टमागून सोडतात. आम्हाला तेवढा वारा लागला नाही, पण बाजूनं झुळका येत होत्या आणि बोटीची उभी बाजू म्हणजे शिडासारखीच. तरी पिकअप जागचा हलला नाही. टोल आसांप्रमाणे असतो, त्यामुळे ट्रेलरच्या दोन आसांचेही पैसे पडतात. पलीकडे ले शेनो बेटांमध्ये दोन रात्री बोटीत झोपलो. पहाटे पाण्यावर धुकं होतं आणि बाबा एकटेच डेकवर चहाचा पेला घेऊन बसले होते. या खरेदीत मला जे हवं होतं ते तिथे मिळालं.

धक्क्यावरचा अनुभव थोडक्यात. लेक सेंट क्लेअरला आम्ही हार्ली एन्साइन नावाच्या धक्क्यावर जातो, तिथला उतार रुंद आणि सोपा. काही जुन्या उतारांवर मात्र पाण्याच्या रेषेखाली शेवाळ असतं. मागची चाकं ओल्या शेवाळावर असताना नुसत्या रिअर व्हील ड्राइव्हनं साडेसात हजार पौंड वर काढणं धोक्याचं. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर, लावून, ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून हळू काढलं की चाकं घसरत नाहीत. लांबून आल्यावर ट्रेलर लगेच पाण्यात घालू नका. बेअरिंग तापलेलं असतं, गार पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आम्ही तेवढ्या वेळात डबे उघडून जेवतो.

एक अडचण अशी आली की तिचा उलगडा करायला आठवडा गेला. स्टोरेजच्या आवारात हलक्या चढावर रिव्हर्स घ्यायला गेलो तर ट्रेलर दगडासारखा अडला. सर्ज ब्रेकला पुढे जाताना थांबणं आणि मागे ढकललं जाणं यातला फरक कळत नाही, दोन्हीत बॉलवर दाबच येतो. म्हणून ट्रेलरला पाचवी तार असते. पिकअपचा रिव्हर्सचा दिवा लागला की त्या तारेतून वीज जाऊन ट्रेलरचे ब्रेक मोकळे होतात. मला दुकानातून मिळालेलं ॲडॅप्टर सात पिनांवरून चार पिनांचं होतं, त्यात ती तारच नव्हती. सातावरून पाचाचं आणलं आणि प्रश्न मिटला.

तेलाचं म्हणाल तर बोट मागे असताना गॅलनला साडेआठ मैल, म्हणजे लिटरला ३.६ किलोमीटर. रिकामा असताना चौदा. वजनापेक्षा हवेचा अडथळा जास्त खातो. ६२ च्या पुढे मी जातच नाही, कारण ट्रेलरच्या टायरांची मर्यादा ६५ आहे आणि त्या वेगापुढे पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. रिकाम्या गाडीची चाल या वर्गात कडकच असते. मागच्या स्प्रिंगा ओझ्यासाठी बनवलेल्या असतात, ओझं नसलं की रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा कळतो, आणि मिशिगनमध्ये वसंतात खड्डे काही कमी नसतात. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चढायला पायरी बसवून घ्यावी लागली. आमच्या गॅरेजमध्ये तो मावत नाही. किराणा दुकानासमोर शनिवारी पार्क करायचा तर मी टोकाची जागा घेऊन चालत येतो. रोज ऑफिसला न्यायची हीच एक गाडी असेल तर मी हा सल्ला देणार नाही. आमची जुनी एसयूव्ही अजून घरात आहे म्हणून हे जमतं.

बोट उन्हाळाभर मरीनातच राहणार असेल आणि ट्रेलरचा प्रवास वर्षातून दोनदाच, मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये, तर गाडी घेऊच नका. बोट नेणारे व्यावसायिक असतात, त्यांना पैसे द्या आणि घरची गाडी घरच्यासाठी ठेवा. २१ फुटांपर्यंतची हलकी बोट असेल तर चांगल्या पेलोडचा अर्धा टनी पुरतो, फक्त दारावरचं आणि रिसीव्हरवरचं अशी दोन्ही लेबलं स्वतः वाचा. साडेआठ फूट रुंदीच्या पुढे मात्र जाऊ नका, १०२ इंचांवर गेलात की परवान्यांचा प्रश्न येतो आणि दर राज्यात तो वेगळा. विजेच्या पिकअपचा एका मित्रानं आग्रह केला, त्याचा चालवूनही बघितला. ताकद भरपूर आहे, पण मोठं ओझं मागे लावलं की पल्ला निम्म्यावर येतो आणि बहुतेक चार्जरपाशी ट्रेलर सोडावा लागतो. हेसलच्या वाटेवर ते मला आज परवडणारं नाही.

नोव्हेंबरमध्ये ट्रेलरचे चारही कॅलिपर आणि नळ्या बदलून घेतो आहे, आणि सर्जच्या जागी विजेनं चालणारा हायड्रॉलिक पंप बसवतो आहे, म्हणजे ट्रेलरचा ब्रेक पिकअपमधल्या कंट्रोलरवरून लागेल. तो कंट्रोलर या पंपाशी जुळतो की नाही ते आधी तपासून घेतलं. बाबा मालवणला परत गेले आहेत. परवा फोनवर त्यांनी कॅलिपर कुठल्या धातूचे घेतले ते विचारलं. स्टेनलेसचे घेतले आहेत.