आठ महिने, अकरा पुस्तकं : धारपांकडे परतल्यावर

१९९४ च्या मे महिन्यात वाईला आजोळी असताना मी वाचनालयातून नारायण धारपांची 'लुचाई' ही भयकादंबरी आणली होती. खाकी पुठ्ठ्याची बांधणी, पहिल्या पानावर तारखांचे शिक्के. दोन रात्रींत शेवटाजवळ पोचले आणि बघते तर पुढचा फर्माच गायब. सोळा पानं निखळून गेलेली. वाचनालयात दुसरी प्रत नव्हती. गोष्टीतल्या गावाचं पुढे काय झालं हे न कळताच सुट्टी संपली.

ती सोळा पानं मला गेल्या दिवाळीत मिळाली. नवी आवृत्ती मागवली आणि मुद्दाम पहिल्या पानापासून वाचत गेले. शेवट सांगणार नाही, पण तो वाचून झाल्यावर मी उठून मागच्या दाराची कडी बघून आले. त्यानंतरच्या आठ महिन्यांत धारपांची एकूण अकरा पुस्तकं वाचली, त्यातली तीन दोनदा. काही झोपायच्या आधी, काही एसटीत. दोन कथा ऑडिओवर, पोळ्या करताना ऐकल्या.

ज्यांना नाव नवं आहे त्यांच्यासाठी : धारप १९२५ चे, २००८ मध्ये गेले. शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली. भयकथा, विज्ञानकथा, रहस्य. साहित्याच्या चर्चांमध्ये त्यांचं नाव क्वचित यायचं; त्यांना जगवलं ते गल्लीतल्या वाचनालयांनी आणि महिन्याची वर्गणी भरणाऱ्या वाचकांनी. हल्लीची मुलं त्यांच्याकडे 'तुंबाड'मुळे येतात. २०१८ च्या त्या सिनेमातल्या आजीच्या भागामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे. माझा भाचा तसाच आला. सिनेमा बघून म्हणाला, "मावशी, तुझ्याकडे याचं पुस्तक आहे ना?"

त्या 'आजी'च्या मागे पुन्हा अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंगची 'ग्रॅमा' ही कथा आहे. 'लुचाई' किंगच्या १९७५ मधल्या 'सालेम्स लॉट'वरून आली, 'शपथ' १९८६ मधल्या 'इट'वरून. हे उघड बोलायला हवं, कारण धारपांचा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य फेकून चर्चा संपवतं. मूळ लेखकाचा ऋणनिर्देश पहिल्याच पानावर ठळक हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण चर्चा तिथे संपत नाही, सुरू होते. मी 'इट' आणि 'शपथ' लागोपाठ वाचली. नुसती शीर्षकंच बघा. किंग नाव देतो त्या वस्तूला, जिला धड नावही नाही. धारप नाव देतात ते मुलांनी एकमेकांना दिलेल्या वचनाला. गोष्टीचा सांगाडा तोच, पण लेखकाचं बोट कुठे आहे ते कळतं. त्यांचं लक्ष माणसं एकमेकांना धरून कशी राहतात याकडे आहे.

हे एकदा दिसल्यावर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. पहिल्या वाचनात लक्षात राहतो तो वाडा, तो वास, जिन्यावरचा आवाज. दुसऱ्या वाचनात मला दिसली ती आधीची चाळीस पानं, ज्यांत काहीच घडत नाही. एक कुटुंब बदली होऊन नव्या गावी येतं, घर लावतं, दूधवाला ठरतो, शेजारीण विरजण देते. ही माणसं साधी आणि भली असतात. त्यांच्या दिनक्रमात आपण इतके रुळतो की घरातली एक खोली विनाकारण गार वाटायला लागली, की आपल्याच घरात काही बिघडल्यासारखं होतं. भुताची भीती मला दोन दिवसांत सोडून गेली. ही घराची काळजी गेली नाही. आठ महिन्यांनंतरही रात्री पाणी प्यायला उठले की माजघराकडे एकदा नजर जातेच.

आणि समर्थ, अमानवी शक्तींशी झुंजणारा धारपांचा नायक. 'समर्थांचा प्रहार', 'समर्थांचे पुनरागमन', 'समर्थाचिया सेवका' अशी ही पुस्तकं. शाळेत असताना मी ती मंत्र आणि झुंजीसाठी वाचत असे. आता मला त्यातला सगळ्यात मोलाचा क्षण झुंजीच्या कितीतरी आधी सापडतो. कुणीतरी पिचलेला माणूस येतो, चाचरत आपली हकिकत सांगतो, घरच्यांनी त्याला वेड्यात काढलेलं असतं, आणि समोर बसलेला समर्थ ती शेवटपर्यंत ऐकून घेतो. प्रश्न विचारतो. विश्वास ठेवतो. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात तिला रात्री खोलीत माणसं दिसायची. आम्ही सगळे तिला "काही नाही गं, झोप" म्हणायचो. हे प्रसंग वाचताना मला ते आठवलं आणि पुस्तक मिटून बसावं लागलं. मी तिला एकदाही विचारलं नाही, कोण दिसतं, काय म्हणतात.

उणिवा आहेत. एकामागून एक वाचली तर 'अभद्र' आणि 'अमानवी' हे शब्द फार वेळा भेटतात. काही कादंबऱ्यांचा शेवट घाईचा आहे. दोनशे पानं तोललेला डोलारा दहा पानांत आवरला जातो. बायका पुष्कळदा सोसणाऱ्या आहेत, निर्णय पुरुष घेतात, आणि आज वाचताना ते खुपतं. म्हणून महिन्याला एकच पुस्तक घ्यावं, फार तर दोन. मी जानेवारीत चार वाचली आणि चौथ्याला न्याय दिला नाही. ते पावसाळ्यात पुन्हा काढलं तेव्हा कुठे आवडलं.

कुठून सुरुवात करावी असं विचारलं तर मी कथासंग्रह सांगेन. कथेत धारप जास्त नेमके आहेत. मग समर्थ. 'शपथ'साठी सलग सुट्टी हवी, ती मोठी आहे. ऑडिओबद्दल दुमत होऊ शकतं. मला कथा ऐकायला आवडल्या, पण कादंबरीतली ती शांत चाळीस पानं कानाने ऐकताना निसटतात. ती डोळ्यांनीच, आपल्या चालीने वाचावीत.

'लुचाई'ची जुनी, फर्मा हरवलेली प्रत अजून असेल का म्हणून मार्चमध्ये वाईला गेले तेव्हा वाचनालयात डोकावले. जुनी पुस्तकं कधीच रद्दीत गेली होती. पिशवीत माझी नवी प्रत होती. ती तिथल्या काकांच्या हातात दिली. त्यांनी आधी शेवटचं पान उघडून बघितलं, मग शिक्का मारला.