सही वडिलांची, कागद दुसऱ्याचे

मी मूळची सोलापूरची असून २०२३ च्या ऑक्टोबरपासून जर्मनीतील ड्रेस्डेन येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आई-बाबांनी एकदा येऊन मी कुठे राहते, काय शिकते ते पाहावे, अशी माझी पहिल्या वर्षापासूनची इच्छा होती. २०२५ च्या मे महिन्यात वीस दिवसांसाठी त्यांनी यावे असे ठरले आणि त्या तयारीत आमचे अडीच लाख रुपये एका एजंटाच्या खिशात गेले. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण बाबांच्या नावावर खोट्या कागदपत्रांचा जो डाग लागता लागता राहिला, त्यामुळे हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच अल्पकालीन व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. आम्ही जानेवारीत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, हालचाल सुरू केली तेव्हा हाताशी पुरेसा वेळ होता. तरीही उन्हाळ्यातल्या अपॉइंटमेंट मिळत नाहीत, असे सगळीकडून ऐकू येत असल्यामुळे बाबा धास्तावले होते आणि माझी परीक्षा तोंडावर असल्यामुळे मी त्यांच्याबरोबर बसून अर्ज भरण्याइतका वेळ काढला नाही. अशा वेळी सिद्धेश्वर मंदिरात रोज सकाळी भेटणाऱ्या एका परिचितांनी आपल्या नात्यातल्या, व्हिसा एजंट म्हणून काम करणाऱ्या तरुणाचे नाव सुचवले. शहराच्या मध्यवस्तीत त्याचे कार्यालय होते आणि भिंतीवर परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे होती. शिवाय तो आपल्या माणसांपैकी एकाचा नातेवाईक होता. बाबांना एवढा विश्वास पुरला, आणि फोनवर त्याच्याशी बोलल्यावर मलाही पुरला.

माझ्याकडून द्यायचे कागद मी वेळेत दिले. यजमानाने पाहुण्यांच्या खर्चाची कायदेशीर हमी घेण्याची एक पद्धत जर्मनीत आहे. तिला फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात, तिचे शुल्क २९ युरो असते आणि ती देताना परदेशी नागरिकांचे कार्यालय यजमानाचे उत्पन्न तपासते. वर्षाला ११,९०४ युरोंच्या ब्लॉक्ड अकाउंटवर, म्हणजे आगाऊ भरलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यावर, राहणाऱ्या माझ्यासारख्या विद्यार्थिनीला ती हमी देणे शक्य नव्हते. त्यामुळे मी साधे निमंत्रणपत्र, माझ्या निवास परवान्याची प्रत आणि विद्यापीठाचा दाखला पाठवला; खर्च बाबा स्वतःच्या बचतीतून करणार होते. त्यांच्या खात्यात चार लाख बारा हजार रुपये होते आणि वीस दिवस माझ्याकडेच राहणाऱ्या दोन माणसांना ते पुरेसे होते. एजंटाने मात्र "काका, दहा लाखांच्या खाली शिल्लक दिसली की फाइल परत येते," असे सांगून त्यांना घाबरवले. कागदपत्रांच्या अधिकृत यादीत अशा ठरावीक रकमेची कोणतीही अट नाही. ती यादी मी त्याच दिवशी उघडून पाहिली असती, तर पुढचे सारे तिथेच थांबले असते.

पैसे तीन हप्त्यांत गेले : फेब्रुवारीत पन्नास हजार, मार्चमध्ये एक लाख चाळीस हजार आणि एप्रिलमध्ये, पुण्याच्या व्हिसा अर्जकेंद्रात जाण्याच्या चार दिवस आधी, साठ हजार. यांत विमानाची तिकिटे, विमा, व्हिसाशुल्क, "फाइल बनवणे" आणि "तातडीची अपॉइंटमेंट" असे सगळे धरलेले होते. तिन्ही वेळा यूपीआयचे खाते वेगळ्या माणसाच्या नावाचे होते आणि पावती एकदाही मिळाली नाही. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस ९० युरो आहे, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेआठ हजार रुपयांच्या आसपास. त्याने व्हिसाशुल्क म्हणून दोघांचे मिळून सव्वीस हजार घेतले. हिशेबात आयुष्य घालवलेल्या बाबांनी हा आकडा विचारला नाही, कारण लेकीकडे जाण्याच्या कामात घासाघीस करणे त्यांना बरे वाटले नाही.

तिकिटांच्या बाबतीत मी स्वतः फसले. त्याने पाठवलेला सहा अक्षरी पीएनआर मी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला, आई-बाबांची नावे आणि तारखा दिसल्या, आणि मी घरी कळवले की तिकिटे खरी आहेत. पुढे कळले ते असे, की पैसे न भरताही आरक्षण काही काळ धरून ठेवता येते. तेवढ्या मुदतीत पीएनआर व्यवस्थित दिसतो आणि मुदत संपली की आरक्षण आपोआप रद्द होते. तिकीट प्रत्यक्ष निघाल्याची खूण म्हणजे तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक, ज्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात. आमच्या कागदावर तो क्रमांक कुठेच नव्हता. व्हिसाच्या अर्जासाठी नुसते आरक्षण चालते आणि व्हिसा हाती येण्यापूर्वी पूर्ण पैसे भरून तिकीट काढण्याची गरजच नसते, हे मला ठाऊक असूनही "आता दर वाढतील" या त्याच्या एका वाक्यावर आम्ही दीड लाखांहून अधिक रक्कम केवळ तिकिटांपोटी दिली.

एप्रिलमध्ये ठरलेल्या दिवशी आई-बाबा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेले. आईने आदल्या रात्रीच शेंगाची चटणी आणि कडक भाकरी कोणत्या बॅगेत जाईल हे ठरवून ठेवले होते. दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत म्हणून तूप वगळावे लागल्याची तिला चुटपुट लागली होती. अर्जकेंद्राच्या दारावरील कर्मचाऱ्याने अपॉइंटमेंटचे पत्र पाहिले, क्रमांक तपासला आणि शांतपणे सांगितले की हा क्रमांक त्यांच्या यादीत नाही. पत्राची मांडणी हुबेहूब होती, क्रमांक मात्र बनावट होता. एजंटाने फोनवर सांगितले, "सर्व्हर डाउन असेल काका, मी परवाची तारीख काढून देतो. फाइल उघडू नका, क्रम बिघडेल."

या शेवटच्या वाक्यामुळेच बाबांनी फाइल उघडली. इमारतीबाहेरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी एकेक कागद पाहायला सुरुवात केली आणि स्वतःच्या खातेउताऱ्यापाशी ते थांबले. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात त्यांनी तीस वर्षे हिशेब लिहिले आहेत. उताऱ्यावर अखेरची शिल्लक अकरा लाख बारा हजार होती, पण वरच्या ओळींतील जमा-नावे मांडून पाहिल्यावर ती जुळत नव्हती. मधल्या एका ओळीपासून शिल्लक सात लाखांनी वाढली होती आणि तेवढी जमा कुठेच नोंदलेली नव्हती. त्यांनी ते मला फोनवर एकेक ओळ वाचून दाखवले. बँकेचा शिक्का होता, आणि तो शिक्का बाबांनी आयुष्यात कधी मारून घेतलेला नव्हता. अर्जाच्या शेवटच्या पानावर मात्र अर्जदाराची सही होती आणि ती खरी होती, कारण "तुम्ही फक्त सह्या करा, बाकी माझ्यावर सोडा" असे म्हणून त्याने फेब्रुवारीतच कोऱ्या अर्जावर त्या घेऊन ठेवल्या होत्या.

त्या दिवशी अपॉइंटमेंट खरी असती, तर ही फाइल स्वीकारली गेली असती. व्हिसा अधिकाऱ्यापुढे एजंट नसतो. अर्जातील प्रत्येक कागदाला सही करणारा अर्जदार जबाबदार असतो. व्हिसा नाकारल्याची नोंद शेंगेन देशांच्या सामाईक व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षे राहते आणि त्यांपैकी कोणत्याही देशाकडे नवा अर्ज केला तरी ती तिथल्या अधिकाऱ्याला दिसते. ज्यांनी कारखान्याचा एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्या माणसाच्या नावापुढे बनावट खातेउतारा जोडल्याची नोंद राहिली असती. हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

मागे वळून पाहताना मला सर्वांत जास्त खटकते ती एक बारीकशी वाटणारी गोष्ट. अर्जावर ईमेल आणि मोबाइल क्रमांक एजंटाचा होता. "ओटीपी येतात, काकांना त्रास नको," हे त्याचे कारण मला त्या वेळी सोयीचे वाटले. त्यामुळे कोणताही अधिकृत संदेश आमच्यापर्यंत येण्याची वाटच उरली नाही आणि अपॉइंटमेंट घेतली आहे की नाही, शुल्क भरले आहे की नाही, हे कळण्याचे एकमेव साधन तोच राहिला. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्याच हाती अर्ज होता. विम्याचेही तसेच निघाले. शेंगेनसाठी किमान तीस हजार युरोंचे संरक्षण लागते आणि तेवढा आकडा कागदावर छापलेला होता, परंतु विमा कंपनीला मी स्वतः फोन केल्यावर तसा पॉलिसी क्रमांक त्यांच्याकडे अस्तित्वातच नसल्याचे समजले.

बाबा तक्रार करायला तयार नव्हते. ओळखीतून आलेला माणूस, परिचितांना वाईट वाटेल, आणि आईने तर साऱ्या गल्लीला जर्मनीला निघाल्याचे सांगून ठेवलेले. पुण्याहून परतताना गाडीतच मी त्यांना १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर फोन करायला लावला. तिथे पहिला प्रश्न शेवटचा व्यवहार केव्हा झाला हाच होता, कारण पैसे पुढे काढले जाण्यापूर्वी खाते गोठवता आले तरच काही हाती लागते. आधीच्या दोन हप्त्यांचे काहीच उरले नव्हते. साठ हजारांपैकी एकेचाळीस हजार पाचशे रुपये त्या खात्यात थांबवता आले. नंतर पोलिस ठाण्यात लेखी तक्रार दिली, तेव्हा यूपीआयच्या व्यवहार क्रमांकांपेक्षाही बँकेने दिलेला मूळ खातेउतारा आणि फाइलमधला बनावट उतारा शेजारी शेजारी ठेवल्याचा उपयोग झाला. तिसऱ्या दिवशी ते कार्यालय बंद होते. ज्या परिचितांनी नाव सुचवले होते, त्यांच्या भाच्याच्या व्हिसाचे पैसेही तिथेच अडकल्याचे नंतर कळले; त्यांनी लाजेपोटी कुणाला सांगितले नव्हते आणि त्यांनी आधी सांगितले असते तर आम्ही वाचलो असतो, हे मला त्यांना बोलून दाखवावे लागले.

जूनमध्ये आम्ही नव्याने अर्ज केला. रोज सकाळी मी इथून आणि बाबा तिथून अधिकृत संकेतस्थळ पाहत असू. अकराव्या दिवशी पुण्याची तारीख मिळाली आणि ती घेण्यासाठी कुणालाही काही द्यावे लागले नाही. बाबांनी चार लाख बारा हजारांतून उरलेल्या शिलकीचा खरा उतारा, निवृत्तिवेतनाची नोंद आणि घराचा कर भरल्याची पावती जोडली आणि प्रत्येक कागद दोनदा वाचून मगच सही केली. व्हिसा मिळाला. सप्टेंबरमध्ये दोघे अठरा दिवस माझ्याकडे राहून गेले. गोठवलेले एकेचाळीस हजार पाचशे रुपये २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळत नव्हते. त्यासाठीचा अर्ज बाबांनी सोलापूरच्या न्यायालयात दाखल केला आहे आणि त्याची पुढची तारीख अजून यायची आहे.