चारही ब्युरोंचे क्रेडिट रिपोर्ट काढून वाचले, त्याचा अनुभव

गोव्यातल्या डिचोलीच्या घराचं छप्पर बदलायचं म्हणून लोनची फाइल बँकेत दिली, तर तिसऱ्या दिवशी फोन, मॅडम तुमच्या नावावर थकबाकी दिसते. माझ्या नावावर? मी आजपर्यंत एक हप्ता उशिरा भरलेला नाही. मोबाइलच्या ॲपमध्ये क्रेडिट स्कोअर चांगला 760 च्या वर दाखवत होता म्हणून मी निर्धास्त होते, पण तो नुसता आकडा, आणि तोसुद्धा एकाच ब्युरोचा (ब्युरो म्हणजे आपल्या लोनची, हप्त्यांची नोंद ठेवणारी कंपनी, आणि ती नोंद म्हणजे क्रेडिट रिपोर्ट). बँकेने रिपोर्ट काढला होता दुसऱ्याच ब्युरोकडून.

आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण ब्युरो चार आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 2017 पासून प्रत्येकाने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट एक पैसा न देता. मी चारही काढले. पॅन, जन्मतारीख, मोबाइल, ओटीपी, एवढंच लागतं. एका साइटवर आधी पैसे भरायचे प्लॅनच समोर येतात आणि फुकटवाली लिंक खाली बारीक अक्षरात, नीट शोधा, पैसे भरू नका. दोन रिपोर्ट पाच मिनिटांत आले, तिसरा दुसऱ्या दिवशी, चौथ्याचा ओटीपी माझ्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जात होता म्हणून कागदपत्रं मेल करून आठवडा गेला.

आता रिपोर्ट कसा आहे ते सांगते. माहिती भरपूर असते हे मान्य. प्रत्येक लोन, क्रेडिट कार्ड, कधी उघडलं, किती बाकी, आणि महिन्यागणिक डीपीडी म्हणजे हप्ता किती दिवस थकला ते. 000 असेल तर वेळेवर. कोणत्या बँकेने कधी चौकशी केली तेही असतं (आपण स्वतः बघितलं तर स्कोअर कमी होत नाही, ही भीती बऱ्याच जणांना असते). बचत खात्यातली शिल्लक, एफडी याचा इथे काही संबंध नाही.

पण चार रिपोर्ट शेजारी ठेवले आणि डोकंच भणाणलं. लग्नाआधी मी माहेरच्या नावावर स्कूटरचं लोन घेतलेलं, 36 हप्ते, सगळे वेळेवर, ते दोन रिपोर्टमध्ये आहे आणि दोनमध्ये नाहीच. म्हणजे तीन वर्षं नेमाने हप्ते भरले त्याची नोंद अर्ध्या ठिकाणी गायब. पत्त्याचा तर घोळच, डिचोली, बिचोली, बिचोलिम अशी तीन स्पेलिंग, एकात वाडा आहे तर घर नंबर नाही, एकात घर नंबर आहे तर गाव माहेरचा. आमच्याकडे एका वाड्यावर एकाच आडनावाची दहा घरं असतात, अशा वेळी पॅनमध्ये एक अक्षर जरी चुकलं तर कोणाचं लोन कोणाच्या माथी बसेल सांगता येत नाही.

आणि ती थकबाकी? 2021 च्या चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) ऑफरला घेतलेला फ्रिज! दहा हप्ते होते, सगळे फिटले, फायनान्स कंपनीचं एनओसी, म्हणजे लोन फिटल्याचा दाखला, माझ्या फायलीत आहे. त्यानंतर कंपनीने ऑटो-डेबिट आणखी एकदा लावलं, ते मी बंद केलेलं म्हणून बाउन्स झालं, आणि त्याचे 500 रुपये माझ्या नावावर. खातं चालू, थकीत रक्कम 500, डीपीडीच्या रकान्यात दर महिन्याला आकडा वाढतोय. मला ना फोन ना मेसेज. 500 रुपयांपायी छपराचं लोन अडलं, पावसाळा तोंडावर, रात्री झोप नव्हती मला.

तक्रार ऑनलाइन करता येते, फुकट आहे. पण ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, ज्याने माहिती पाठवली त्या बँकेला किंवा कंपनीला विचारतो, ती हो म्हणाली तरच बदल. माझी पहिली तक्रार एका ओळीत परत आली, माहिती बरोबर आहे म्हणून. कारण काही दिलं नव्हतं, आणि नियमाप्रमाणे नाकारलं तर कारण द्यावं लागतं. मग मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एनओसी, शेवटच्या हप्त्याचं बँक स्टेटमेंट आणि रिपोर्टचं ते पान (त्यावरचा कंट्रोल नंबर, म्हणजे रिपोर्टचा क्रमांक, दिसेल असं) मेल केलं, ब्युरोला सीसी ठेवलं, आणि लिहिलं की 30 दिवसांत निकाल नाही लागला तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे, बँकेतल्या माणसालाही माहीत नव्हता. तरीही ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, 2022 पासून ब्युरोही त्याच्या कक्षेत आले आहेत.

24 व्या दिवशी खातं बंद दाखवलं, थकबाकी शून्य. जानेवारी 2025 पासून बँकांनी निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवायची असते, म्हणून दोन आठवडे थांबून मी बाकीचे रिपोर्ट परत बघितले (यावेळी एका ठिकाणी पैसे भरावे लागले, फुकटवाला संपला होता). तीन ठिकाणी बरोबर झालंय.

माहितीला मी चांगले मार्क देईन, दुरुस्तीला अजिबात नाही, कारण चूक त्यांची आणि कागद जमवत फिरायचं आपण. लोन काढायचं असेल तर निदान दोन-तीन महिने आधी चारही रिपोर्ट काढा, स्कोअर बघून बंद करू नका, "सेटल्ड" (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं) किंवा "रायटन ऑफ" (बँकेने बुडीत धरलेलं) असं कुठे लिहिलंय का ते शोधा, आणि एनओसी कधीच फेकू नका, अगदी मिक्सरच्या लोनचंसुद्धा. जामीन राहिला असाल तर तेही बघा. आमच्या घरात ह्यांच्या रिपोर्टमध्ये भावाच्या टेंपोचं लोन निघालं, जामीन राहिलेले ते विसरूनच गेले होते.

बँकेने फाइल पुन्हा विचारात घेतली आहे, छपराचं काम आता पावसानंतरच. स्कूटरच्या लोनसाठी लग्नाचा दाखला लावून दोन्ही ब्युरोंकडे तक्रार टाकली आहे, आज सतरावा दिवस. काय होतं ते इथेच लिहीन.