खनिजांची पेटी: फरशी उत्तम, पुस्तिका सुधारायला हवी

"मावशी, खनिज म्हणजे दगडच ना?" आठ वर्षांच्या भाचीने असं विचारलं, म्हणून ही बारा नमुन्यांची पेटी मागवली. सोबत भिंग, लोहचुंबक, खरखरीत पांढरी फरशी आणि पुस्तिका आहे.

पैसे वसूल झाले ते त्या फरशीवर. काळपट चकाकणारा हेमॅटाइट तिच्यावर घासला, तर रेघ उमटली गेरूसारखी तांबडी! पायराइट सोन्यासारखा पिवळा, पण त्याचा कस, म्हणजे फरशीवर उमटणारी रेघ, हिरवट काळा. भाची कितीतरी वेळ रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "म्हणजे नुसत्या रंगावरून ओळखायचं नाही." हे मला तोंडी सांगून इतकं पटवता आलं नसतं. टाल्क नखाने खरवडला गेला, कॅल्साइटला लोखंडी खिळा लागला आणि क्वार्ट्झवर खिळ्याचंही काही चाललं नाही. खनिजशास्त्रज्ञ मोस यांनी 1812 साली मांडलेली 1 ते 10 ची कठीणपणाची श्रेणी तिला अशी हातानेच कळली. पारदर्शक कॅल्साइट छापील ओळीवर ठेवून बघाच, एका ओळीच्या दोन दिसतात.

पुस्तिकेने मात्र निराशा केली. 'जमिनीतून मिळतं ते खनिज' अशी व्याख्या देऊन तिने ग्रॅनाइट आणि दगडी कोळसाही खनिजांत बसवला आहे. मुलांचा गोंधळ नेमका इथेच होतो. ग्रॅनाइट हा खडक. भिंगातून त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे वेगवेगळे कण दिसतात, म्हणजे एका खडकात तीन खनिजं. कोळसा तर वनस्पतींपासून झालेला, त्यात अणूंची ठरावीक मांडणी नसते. शेवटी पुस्तिका मिटून मीच सांगितलं: निसर्गात आपसूक तयार झालेला घन पदार्थ, त्यातली मूलद्रव्यं ठरलेली आणि अणूंची रचनाही ठरलेली. ग्रॅफाइट आणि हिरा दोन्ही कार्बनच, फक्त अणू वेगळे रचलेले.

आणखी एक गंभीर तक्रार. पेटीतल्या गॅलेना या खनिजात शिसं असतं, आणि ते विषारी. तो हाताळल्यावर हात धुवा, एवढंही कुठे छापलेलं नाही. मी तो नमुना काढून वर ठेवला. लहान मुलं असतील तर तुम्हीही आधी तेच करा.

पेटी मी परत करणार नाही. काल भाचीने विचारलं, "मग बर्फ?" डोंगरावर आपोआप गोठलेला बर्फ खनिजच, असं सांगितल्यावर ती थेट फ्रीजकडे गेली. "हा नाही," ती म्हणाली, "हा आपण केलाय."