एमजीबीचं ट्विन कार्बचं मॅनिफोल्ड: आठ महिने आणि एक मे महिना वापरून

आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. १९६६ ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, काकांची. काकांनी ८४ साली एका पारशी गृहस्थांकडून घेतली तेव्हा तिला मूळचे दोन एसयू बनावटीचे कार्ब (हवेत पेट्रोल मिसळणारे कार्ब्युरेटर) होते, पण तीनचार वर्षांत मॅनिफोल्डचा, म्हणजे कार्ब आणि इंजिन जोडणाऱ्या नळ्यांच्या तुकड्याचा, कान तुटला आणि तेव्हा बाहेरून पार्ट मागवणं म्हणजे ओळखी लावा, कोणी येणारं-जाणारं शोधा, म्हणून ताडदेवच्या एका मिस्त्रीने सरळ अँबेसेडरचं सिंगल कार्बचं मॅनिफोल्ड उचलून लावलं. हसू नका. अँबेसेडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि आमचं इंजिन दोन्ही बीएमसीच्या (पालिका नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातली, सख्खे भाऊच म्हणा, त्यामुळे थोडी कानस मारून ते बसलं आणि गाडी पुढची पस्तीसेक वर्षं तशीच पळली. दिसायला स्पोर्ट्स कार, बसलं की कलेक्टरच्या गाडीत बसल्यासारखं.

तुटलेलं मॅनिफोल्ड भंगारात गेलं. कार्ब मात्र काकूंनी गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली बिस्किटाच्या डब्यात ठेवलेले सापडले. म्हणजे महागाची वस्तू घरात, आणि ती जिच्यावर बसवायची ती नाही.

शोधाशोध फार लांबवत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो, तिथे मारुतीपासून मर्सिडीजपर्यंत सगळं मिळतं, पण एमजी म्हटल्यावर पोरगा आजच्या एमजी हेक्टरचं बोनेट दाखवायला लागला. ऑपेरा हाउसच्या दुकानांत एका म्हाताऱ्या शेटजींना फोटो दाखवला तर लगेच ओळखलं, म्हणाले असली दोन पडून होती, दुकान रंगवताना काढून टाकली. हे ऐकून जास्तच त्रास झाला. मग साकीनाक्याला एकाकडून लोखंडी पाइपचं बनवून घेतलं, सहा हजार गेले, वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज (इंजिनाला टेकणारी कड) केळ्यासारखी वाकली, पट्टी लावली की मधून उजेड दिसायचा. त्याची चूक जेवढी तेवढीच माझी, कारण वेल्डिंगनंतर फेसिंग करायचं, म्हणजे ती मशीनवर सपाट करायची, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. शेवटी इंग्लंडहून वापरलेलं ओरिजिनल मागवलं. वस्तूपेक्षा पोस्ट आणि ड्युटी मिळून जास्त झालं, पण आलं.

आता खरी मजा. आमच्या १९६६ च्या मॉडेलला बॅलन्स पाइपच्या (मॅनिफोल्डच्या दोन वाटा जोडणाऱ्या नळीच्या) मध्यभागी ब्रीदरचा व्हॉल्व्ह लागतो, इंजिनातली वाफ तिथून ओढली जाते. आलेलं मॅनिफोल्ड नंतरच्या गाडीचं, त्याला ते भोकच नाही, कारण ६८ नंतर त्यांनी ती नळी कार्बवरच नेली. म्हणजे पाइपला भोक पाडून आटे काढणं आलं. अल्युमिनियम जुनं, मरोळच्या लेथवाल्याने आधी आर्गन वेल्डिंगने तिथे भराई करून जाडी वाढवली, मग ड्रिल आणि टॅप. हे काम त्याने इतकं सुबक केलं की मी दोनदा चहा पाजला.

पण ज्याने मला दीड महिना रडवलं ते वेगळंच. या इंजिनाला इनटेक (आत नेणारं, हेच ते) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर काढणारं) दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला, आणि दोघांना धरणारे मधले स्टड सामायिक. एक जाड वायसर अर्धा याच्या फ्लँजवर, अर्धा त्याच्या फ्लँजवर, वरून नट. आता दोन फ्लँजची जाडी जराही वेगळी असली तर वायसर तिरका बसतो आणि एकच घट्ट होतं, दुसरं नुसतं टेकलेलं राहतं. माझं एक्झॉस्ट मागे कधीतरी कोणीतरी घासून घेतलेलं, पाऊण मिलिमीटरने बारीक. मी शहाण्यासारखं तिथे डबल पॅकिंग घातलं. तीन दिवसांत ते फुंकलं, फटफट आवाज, शेजारच्या विंगमधल्या आजोबांनी गॅलरीतून विचारलं, "काय रे, बुलेट घेतलीस काय?" मग ते काढून इनटेकची फ्लँज सरफेस ग्राइंडरवर तेवढीच उतरवली, दोन्ही शेजारी ठेवून वायसर फिरवून बघितला, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत एक थेंब हवा गळली नाही. मॅनिफोल्ड कुठूनही आणा, कितीही चकचकीत असू दे, व्हर्नियरने दोन्हींची जाडी मोजल्याशिवाय नट हातात घेऊ नका.

एअर घेतंय का बघायला लोक काय काय करतात. आमच्या मिस्त्रीने अगरबत्ती काढली, मी म्हटलं अहो पेट्रोल आहे ते, विझवा आधी. पाण्याची स्प्रेची बाटली घ्यायची, चालू इंजिनात जॉइंटवर मारायची, आयडलिंगचा आवाज बदलला की तिथेच गळती.

आता वापर. नोव्हेंबरात बसवलं, आतापर्यंत २३०० किलोमीटर झाले. थंडीत (मुंबईची थंडी, हसा) गाडी स्वप्नासारखी. पहाटे फ्रीवेवर पी डिमेलो रोडकडून चढलो की ३००० आरपीएमच्या वर जो आवाज बदलतो तो काकांनी पस्तीस वर्षं ऐकला नव्हता. खोपोलीहून खंडाळ्याचा जुना घाट पूर्वी सेकंडमध्ये रडत चढायची, आता थर्डमध्ये जाते आणि वर थोडं शिल्लक राहतं. कागदावर हिची ताकद ९५ हॉर्सपॉवर, तेवढी आज नसेल, पण अर्धी तरी आधी कुठे होती.

मार्च संपला आणि रडगाणं सुरू. एक्झॉस्ट बरोबर कार्बच्या खाली, सायनला सिग्नलला दहा मिनिटं उभं राहिलं की फ्लोट चेंबरमधलं (कार्बच्या वाटीतलं) पेट्रोल उकळायला लागतं, आयडलिंग पडतं, गाडी बंद, आणि मग परत सुरू व्हायला पाच मिनिटं. पंप मागे चाकाजवळ आहे, इलेक्ट्रिक, त्याची टकटक ऐकू येते म्हणजे पेट्रोल येतंय, उकळतंय ते पुढेच. सिंगल कार्बवर हे इतकं होत नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मूळच्या गाडीत मध्ये पत्र्याची हीट शील्ड असते, आमची सिंगल कार्बच्या वेळी गेली ती गेलीच. अल्युमिनियमच्या पत्र्याची नवी कापून घेतली, आणि लोहार चाळीतून हायलमची (उष्णता अडवणारी) जाड शीट आणून कार्ब आणि मॅनिफोल्डच्या मध्ये १० मिलिमीटरचे स्पेसर केले. त्याने ऐंशी टक्के प्रश्न सुटला. मग स्टड आखूड पडले. नागदेवीला जाताना जुना स्टड सोबत न्या, कारण हे पाच-सोळांश इंची, अल्युमिनियमात जाणारं टोक जाड आट्याचं आणि नटाकडचं बारीक आट्याचं, दुकानदार आठ एमएम पुढे करेल, ते जाईलही दोन आटे आणि मग मॅनिफोल्ड फुकट. स्पेसरमुळे एअर फिल्टर मडगार्डच्या आतल्या पत्र्यापासून एक बोट राहिलेत, घासत नाहीत, पण मनात येतं.

ट्यूनिंगचं थोडक्यात. दोन्ही कार्बची ओढ सारखी पाहिजे, मी सलाईनची नळी कानाला लावून फुसफुस ऐकतो, महागडं मीटर घेतलं नाही. आणि पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं, त्यात ऑक्सिजन आधीच असल्याने जुनं सेटिंग लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, प्लग पांढरेफटक निघाले. दोन्ही जेटचे नट दोन-दोन फ्लॅट (नटाच्या सहा बाजूंपैकी दोन) खाली घेतले तेव्हा प्लग बिस्किटाच्या रंगाचे झाले. रबरी नळ्याही सगळ्या इथेनॉल चालेल अशा घातल्या, जुन्या आतून चिकट व्हायला लागल्या होत्या. कार्बच्या डोक्यावरच्या तेलाच्या नळकांड्यात, डॅशपॉटमध्ये, मी सुरुवातीला शिलाई मशीनचं तेल घातलं होतं, पाय दाबला की गाडी आधी गचकायची. तेल जाड केलं, गचका गेला.

मायलेज हायवेला साडेनऊ, शहरात सात. आधी शहरात साडेआठ मिळायचं. म्हणजे दादर-परळ-दादर एवढंच चालवणार असाल तर ते अँबेसेडरचं मॅनिफोल्ड खरंच वाईट नव्हतं. एक कार्ब, ट्यूनिंगची कटकट नाही, उन्हाळ्यात इतकं उकळत नाही, कुठलाही मिस्त्री हात घालू शकतो. मी इतकी वर्षं त्या ताडदेवच्या माणसाला मनात शिव्या घालत होतो, आता नाही घालत. ज्यांना रविवारी पहाटे बाहेर पडायचंय आणि हात काळे करायची आवड आहे त्यांनीच ट्विनच्या मागे लागावं.

काकांना मागच्या रविवारी सी लिंकवरून फिरवून आणलं. ८१ वर्षांचे आहेत, येताना काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "आवाज तोच आहे रे. पण ते जुनं मॅनिफोल्ड टाकू नकोस."

नाही टाकलं. ग्रीस लावून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलंय, पॅकिंगचा सेट आणि दोन जादा वायसर त्याच्यातच. दोघांनी विकत मागितलं, देणार नाही, पण मापं काढायची असतील तर खाली उतरवून देईन.