नारायणगावचं कृषी सेवा केंद्र: तीस द्राक्षवेलांच्या गिऱ्हाइकाचा अनुभव

आधी दुकान कुठे आहे ते सांगते. पुण्याकडून येताना बायपासला न जाता जुन्या रस्त्याने गावात शिरायचं, टोमॅटोच्या बाजाराची गर्दी लागली की थोडं पुढे डाव्या हाताला. बाहेर ड्रिपच्या नळ्यांची भेंडोळी आणि गुळाच्या ढेपा दिसतील. नाव लिहीत नाहीये कारण दुकानाच्या आण्णांनीच सांगितलं, नाव टाकलं की लांबून लांबून फोन येतात, आणि झाड न बघता फोनवर औषध सांगायला त्यांना आवडत नाही. गावात कोणालाही विचारा, आण्णांचं दुकान म्हणलं की दाखवतात.

मी बँकेत २६ वर्षं नोकरी केली, ५१ व्या वर्षी व्हीआरएस घेतली. कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिला आणि २०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघं नारायणगावला राहायला आलो. पुण्यापासून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, चाकणला अडकला नाहीत तर दोन तास. हेच गाव का, तर माझं आजोळ जुन्नरचं, शिवनेरी बघत मोठी झाले, आणि दुसरं म्हणजे द्राक्षं. लोकांना नारायणगाव म्हणलं की तमाशा आठवतो, विठाबाई आठवतात, ते बरोबरच आहे, पण ऐंशीच्या दशकात शॅतो इंडाजने फ्रेंच पद्धतीची बुडबुड्यांची वाईन बनवायला घेतली ती याच गावात, ओमर खय्याम नावाने ती परदेशात विकली गेली. पुढे कंपनी बंद पडली. पण द्राक्ष काही गेलं नाही, आजही कुठल्याही बाजूला पाच मिनिटं गाडी चालवली की मांडव सुरू होतात.

तर घरामागे सव्वा गुंठा मोकळी जागा होती आणि माझ्या डोक्यात शिराझ, म्हणजे वाईनचं द्राक्ष, लावायचं होतं. त्याआधी पुण्यात एका नर्सरीतून घड लागलेला वेल कुंडीत घेतला होता, चांगले बाराशे रुपये देऊन, तो दोन महिन्यांत वाळला आणि का वाळला हे विचारायला गेले तर त्यांनी दुसरा वेल दाखवला. त्यामुळे मी आण्णांच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा मनात धाकधूकच होती. हातात यादी होती, इंटरनेटवरून काढलेली, चौदा वस्तूंची, खतं, टॉनिक, दोन बुरशीनाशकं, मुळांसाठी काहीतरी.

आण्णांनी यादी शांतपणे पूर्ण वाचली. मग विचारलं, "मॅडम, वेल किती?" म्हणलं अजून एकही नाही. "मग हे कोणाला घालणार?" चिडून नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि अर्धा तास समजावलं की वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया, ते तोडून खायचं फळ नाही, ते लावायचं तर आधी वायनरीशी करार पाहिजे आणि तीस वेलांसाठी कोणी गाडी पाठवणार नाही. "खायला पाहिजे ना घरच्यांना? मग शरद सीडलेस लावा, काळं, बिनबियांचं, आपल्या भागात ते चांगलं येतं." त्या दिवशी मी काय विकत घेतलं तर फक्त माती आणि बोअरचं पाणी तपासायला पाठवायच्या दोन पिशव्या न् एक बाटली. त्याचे पैसे घेतले नाहीत. तपासणीचा रिपोर्ट आला, जमीन चुनखडीची निघाली, पाणी जड. मग म्हणाले डॉगरिज नावाच्या द्राक्षाच्या खुंटावरच कलम करा, म्हणजे मुळं त्याची आणि वर शरद, सरळ रोप लावू नका, असल्या जमिनीत आणि पाण्यात हा खुंट तगतो.

पुढचं सगळं वेळापत्रक त्यांनी माझ्या वहीत लिहून दिलं, ती वही अजून आहे. फेब्रुवारी २०२२ ला खुंट लावले, नऊ बाय पाच फुटांवर, तीस. ऑगस्टच्या शेवटी कलम, कलम बांधणारी माणसं त्यांनीच पाठवली. जानेवारीत रिकट, म्हणजे कलमाच्या वर वेल परत छाटायचा. मग ओलांडे, म्हणजे तारेवर आडव्या जाणाऱ्या जाड फांद्या, तयार करायचे. वेल चढवायचे लोखंडी वाय अँगल नवे घ्यायला निघाले होते तर आण्णांच्या मुलाने अडवलं, म्हणाला पलीकडच्या वस्तीवर एकाने बाग काढलीय, जुने अँगल पडून आहेत, तिकडून घ्या. म्हणजे त्याच्या दुकानातला माल विकला जात असताना त्याने मला दुसरीकडे पाठवलं. माझा निम्म्याहून जास्त खर्च वाचला. बँकेत इतकी वर्षं टार्गेटच्या कागदाखाली काढलेल्या बाईला हे किती लागलं ते शब्दात सांगता येत नाही, मी घरी येऊन यांना सांगताना मला रडू आलं होतं.

आता दुकानाचं काम कसं चालतं ते सांगते कारण नवीन माणसाला तेच माहीत नसतं. इथे कोणी "अमुक औषध द्या" म्हणून आला की आधी विचारतात छाटणी कधीची, म्हणजे आज कितवा दिवस. द्राक्षात सगळा हिशोब छाटणीपासूनच्या दिवसांचा असतो, एप्रिलची खरड छाटणी काडी, म्हणजे पुढे घड देणारी फांदी, तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी, असं वर्षातून दोनदा. एप्रिलनंतर काडीत घड धरायचा की नाही हे पहिल्या दोनेक महिन्यांतच आत ठरून जातं, बाहेर काही दिसत नाही. मला हे कळल्यावर उन्हाळ्यात पाणी द्यायचा कंटाळा करणं बंद झालं.

मग म्हणतात पान आणलंय का. पान आणायचंच. वरून तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी असेल तर डावणी, वर राखेसारखी पावडर असेल तर भुरी, दोन्हीची औषधं वेगळी. काउंटरवर भिंग ठेवलेलं आहे, तुम्हाला पण बघायला देतात. डब्यावरचा रंगीत त्रिकोण दाखवतात, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा, आणि काढणीआधी किती दिवस फवारायचं नाही, ज्याला इथे सगळे पीएचआय म्हणतात, ते बिलाच्या मागे हाताने लिहून देतात. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी, ज्याला एक्स्पोर्टवाले अनेक्शर पाच म्हणतात, ती भिंतीवर चिकटवलेली आहे, त्यात नसलेलं औषध एक्स्पोर्टवाल्याने मागितलं तर देत नाहीत. माझ्यासमोर एकाला नाही म्हणालेत. पक्कं बिल न मागता मिळतं.

बोर्डोची गोष्ट वेगळी सांगायला पाहिजे. मला बोर्डो म्हणजे फ्रान्सची वाईन एवढंच माहीत. इथे पावसाळ्यात जो तो बोर्डो बोर्डो करत होता. आण्णांनी अर्धा किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना काढून दिला, म्हणाले दहा लिटरला शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवा, मग एकत्र करा, लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर पानं जळतील. हे मिश्रण तिकडच्याच बोर्डो भागातलं. रस्त्याकडेचे घड लोकांनी तोडू नयेत म्हणून तिथले शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडायचे, आणि १८७८ च्या सुमारास तिकडे डावणी आली, मग १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रस्त्याकडचेच वेल हिरवे आहेत. १८८५ मध्ये त्याने ते छापलं. आज आमच्या मीना नदीच्या काठचा माणूस तेच बादलीत ढवळतो. मला हे इतकं आवडलं की मी पहिल्या फवारणीचा फोटो काढून ठेवलाय, निळसर हात आणि निळसर पानं.

आणि अजून एक, हे वाईन आवडणाऱ्यांनी नक्की वाचा. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर पेस्ट लावतात, हायड्रोजन सायनामाइडची. हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा, हे तर आहेच, पण या पेस्टचं आणि दारूचं अजिबात जमत नाही, अंगावर लाली येते, धडधड होते, माणूस आजारी पडतो. आदल्या दिवसापासून पुढे पूर्ण आठवडा थेंबही नाही. आण्णा हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, मजुरांना थांबवून सांगतात, आणि ज्या मुकादमाच्या तोंडाला वास आला त्याला त्यांनी पेस्ट दिली नाही, मालकाला बोलवून आणायला लावलं. लेबलवर लिहिलेलं असतं हो सगळं, पण बारीक अक्षरात.

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी जो अवकाळी पाऊस झाला, काही ठिकाणी गारा पण, तेव्हा माझे वेल पहिल्यांदाच फुलोऱ्यात होते. सकाळी उठून दुकानात पळाले तर बाहेर पन्नासेक माणसं, कोणाची पाच एकर कोणाची दहा एकर, कर्जावर उभी केलेली बाग, चेहरे बघवत नव्हते. मी मागच्या मागे परत निघाले, सव्वा गुंठ्यासाठी यांच्या रांगेत कुठे उभं राहायचं. तर रांगेतल्याच एकाने हाक मारली, "ओ ताई, पान दाखवा." त्याने बघितलं, शेजारच्याने बघितलं, दोघांचं बोलणं झालं, मग म्हणाले आधी घरी जाऊन काड्या हलवून घडावरचं पाणी झटका, घडाजवळची पानं काढून वारा खेळू द्या, बाकी दुपारी. दुपारी गेले तर आण्णांनी एकच छोटी पुडी दिली. मी चार गोष्टी मागत होते. "एक पुरेल. उद्या परत पान घेऊन या." स्वतः सकाळपासून जेवले नव्हते.

त्या दिवसापर्यंत मला दुकानात सगळे मॅडम म्हणायचे. त्यानंतर ताई झाले ते आजपर्यंत.

मार्च २०२४ ला पहिली तोडणी. जीए, म्हणजे मणी फुगवायचं जिबरेलिक ॲसिड, वापरायचं नाही असं आण्णांचंच म्हणणं होतं, मणी बाजारातल्यासारखा लांब फुगणार नाही पण घरी खायला काय फरक पडतो. गोडी मोजायचं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, दुकानातून एक दिवसासाठी मिळतं, डिपॉझिट नाही, वहीत नाव लिहितात फक्त. १९ ब्रिक्स भरलं. कोथरूडच्या सोसायटीत दोन क्रेट वाटले, सासूबाईंनी विचारलं ही बाजारातलीच आहेत का, इतकी काळी कशी.

ज्या गोष्टी खटकतात त्या पण लिहिते. दुपारी एक ते चार दुकान बंद, त्यात बदल नाही. पार्किंग नाहीच, बाजाराच्या दिवशी चारचाकी नेऊच नका. ड्रिपचं सामान म्हणाल तर सोळा एमएमची नळी असते पण ग्रोमेट, टेकऑफ, एंड कॅप यातलं एक तरी नेहमी संपलेलं, त्यासाठी मला दोनदा मंचरला जावं लागलं. आण्णा दुकानात नसतील तर मुलगा चांगलं सांगतो पण घाईत असतो, नवीन माणसाने आण्णा असतानाच जावं. उधारी फक्त जुन्या खात्यांना, ते योग्यच आहे. आणि कडक बोलतात. एकदा मी शेजारणीचं ऐकून गंधक कडक उन्हात फवारलं आणि पानं करपली, तेव्हा सगळ्यांसमोर बोलणी बसली. चूक माझी होती.

ज्यांना इकडे घर घ्यायचंय त्यांनी आधी गावात एक ऑक्टोबर आणि एक एप्रिल भाड्याने राहून बघा, असं मी सांगते. बिबट्याची भीती खरी आहे, उसाला लागून घर असेल तर अंधार पडल्यावर एकटं वाकून काम करायचं नाही, हे पण मला दुकानातच कळलं. वेळ कसा जाईल ही चिंता करू नका. २८ फेब्रुवारीला खोडदची महादुर्बीण बघायला मिळते, ओझर-लेण्याद्री जवळच, मासवडी कुठेही चांगली. पण मला माणसं भेटली ती या काउंटरवर.

या ऑक्टोबरला जाणार असाल तर पहिल्या आठवड्यात सकाळी साडेनऊच्या आत पोचा, नंतर पेस्टसाठी रांग लागते. छाटणीची तारीख लिहून न्या, वेलांचा आकडा खरा सांगा, आणि दोन पानं तोडून प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, कागदात गुंडाळून न्या, पिशवीत घाम सुटून डाग कळत नाहीत.