महालातल्या रॅपवाल्यानं माझं चित्र स्नोबोर्डवर चढवलं

भाचा दर जानेवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंगला, म्हणजे एका फळीवर उभं राहून बर्फावरून घसरायला, जातो. बोर्डचं वरचं डिझाइन पार खरचटलं होतं. दिवाळीत म्हणाला, "मावशी, तुझं एखादं चित्र बसव ना यावर." मी अमूर्त चित्रं करते, भिंतीवर टांगायची. लगेच हो म्हटलं.

कारखान्यात डिझाइन वरच्या पारदर्शक प्लास्टिकवर छापतात आणि मग लाकूड, फायबरग्लास, रेझिन सगळं एकत्र दाबतात. तयार बोर्डवर ते जमत नाही, व्हायनलच, म्हणजे छापलेला चिकट प्लास्टिकचा पातळ पापुद्राच, चिकटवावा लागतो. त्यासाठी नागपुरात बर्डी, धरमपेठ पालथं घातलं. शेवटी महालात गाड्यांना रॅप करणारं, म्हणजे त्यांवर असं व्हायनल चढवणारं, एक छोटं दुकान सापडलं. मालकाचं बालपण मूर्तिकारांच्या चितार ओळीत गेलं, वडील गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचे. स्नोबोर्ड त्यानं पहिल्यांदाच हातात घेतला. उलटासुलटा करून विचारलं, "ताई, पाय कुठं येतात ते सांगा पहिले."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बूट अडकवायच्या बाइंडिंगखाली दोन मोठे भाग झाकले जातात आणि माझ्या चित्रातला विटकरी डाग नेमका त्यातल्या एकाखाली जात होता. त्यानं बोर्डवर खाकी कागद अंथरून कडेनं पेन्सिल फिरवली, खाका काढला आणि तासभर मला शेजारी बसवून चित्र स्क्रीनवर सरकवत राहिला. बोर्ड १५५ सेंटीमीटर लांब, मधे जेमतेम २५ रुंद. चार बाय तीन फुटांच्या कॅनव्हासमधून एक पट्टीच उरणार, चित्राचा जीव जाणार, असं वाटलं होतं. पण चित्र उभं केल्यावर एक पिवळसर मातकट रेघ टोकापासून शेपटापर्यंत सरळ धावली. कॅनव्हासवर ती मी सहज ओढली होती. बोर्डवर तीच चित्र झाली.

रंगाचं दुखणं वेगळं. माझा अल्ट्रामरीन निळा पहिल्या नमुन्यात मळका जांभळा आला. प्रिंटरच्या चार शायांत तो निळा पूर्ण उतरतच नाही, हे त्यानं पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगितलं. मग सहा पट्ट्या छापल्या. मी ऑटोत घालून आणलेला कॅनव्हास बाहेर उन्हात धरून आम्ही एकेक पट्टी लावून पाहिली. चौथी ठरली. मूळ निळ्याच्या जवळ जाते, पोचत नाही.

थर मात्र गेले. आपल्या नागपुरात १९२४ साली जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग चढवत आणि काढत, आतल्या थराचा उजेड वर येऊ देत. मी तेच गिरवत आले आहे. व्हायनलवर सगळं एका पातळीवर येतं. कोणी असं काम करणार असेल तर चित्राचा फोटो तिरप्या उजेडात काढा, खरवडलेल्या जागांची सावली तरी उरते. मी समोरून उजेड टाकून काढला, ती चूक माझी.

दोन दिवसांचं काम सहा दिवसांवर गेलं. शेपटाच्या वळणावर पहिलं व्हायनल दुसऱ्याच दिवशी आकसून उचललं, कारण त्यानं स्वस्तातलं वापरलं होतं. मी रागावले. त्यानं वाद न घालता सगळं काढलं, वळणावर बसणारं कास्ट व्हायनल आणलं, हीट गनवर नरम करत पुन्हा चढवलं आणि जास्तीचा एक रुपया घेतला नाही. पोलादी कडेपासून जरा आत कापलं, म्हणजे कड घासताना ते सोलत जाणार नाही. एकूण २,२०० रुपये झाले.

भाचा दहा दिवस चालवून परत आला. पुढच्या टोकाला अंगठ्याएवढं फाटलं आहे, बाकी शाबूत. त्यानं पाठवलेल्या फोटोत चहूकडे पांढरं आणि मधे ती मातकट रेघ. पांढऱ्यात निळाही दुकानातल्यापेक्षा खोल दिसतो. फाटलेला तुकडा बदलायला बोर्ड काल परत महालात देऊन आले.